गांधीलमाशी आणि मधमाशी

युरोपातल्या वाहन कंपन्यांचा विषय निघाला की बोलणे मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, फेरारी याच नावांभोवती फिरत राहते. त्यांच्यावर जाडजूड पुस्तके निघतात, पोरांच्या खोल्यांत त्यांची पोस्टरे लागतात. पण नागपूरच्या दक्षिणेला, हुडकेश्वर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या रोजच्या येण्याजाण्यात यांतल्या एकाही कंपनीचा फारसा वाटा नाही. ज्या युरोपीय कंपनीचा आहे, तिचे नाव इथे क्वचितच कोणाच्या तोंडी येते. ती कंपनी म्हणजे इटलीची पियाजिओ.

हुडकेश्वर कालपरवापर्यंत गाव होते. शेतांत लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, घरे उठली, मग मागाहून रस्ते आणि नाल्या आल्या आणि गाव महापालिकेच्या हद्दीत गेले. अशा वस्तीत बसच्या आधी ऑटो पोचतो. म्हाळगीनगर चौकातून सवाऱ्या भरून आत येणारा ऑटो, कॉटन मार्केटमधून वांगी, पालक, सांबाराचे कट्टे आणणारी मालवाहू तीनचाकी, शाळेच्या पोरांनी भरलेला ऑटो, बिछायत केंद्राच्या खुर्च्या वाहणारी गाडी. यांतल्या बहुतेक गाड्यांवर एक तर बजाजचे नाव असते, नाही तर पियाजिओचे. नावे दोन, कूळ एकच. इटलीतल्या पोंतेदेरा नावाच्या गावात १९४६ ते १९४८ या काळात जी यंत्रे जन्मली, त्यांचेच हे वंशज. एक शाखा परवान्याच्या करारातून इथे आली, दुसरी पन्नास वर्षांनी स्वतः चालत आली.

जगात या कंपनीचे कौतुक झाले ते व्हेस्पा स्कूटरसाठी. सिनेमांत ती झळकली, संग्रहालयांत जाऊन बसली. तिच्या तीनचाकी बहिणीकडे, अ‍ॅपेकडे, कोणी त्या नजरेने पाहिले नाही. माझे मत असे, की पियाजिओच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम म्हणजे ही तीनचाकीच, आणि ते काम इटलीपेक्षा महाराष्ट्रात जास्त झाले.

सुरुवात मात्र ना स्कूटरची, ना रिक्षाची. रिनाल्दो पियाजिओ याने १८८४ मध्ये जेनोवाजवळच्या सेस्त्री पोनेंते इथे कारखाना काढला तो जहाजांच्या आतल्या लाकूडकामासाठी. जेनोवा हे बंदर. श्रीमंत प्रवाशांच्या जहाजांना सुबक फर्निचर लागायचे. तिथून कंपनी रेल्वेच्या डब्यांकडे वळली आणि पहिल्या महायुद्धात विमानांकडे. १९२४ मध्ये पिसाजवळचा पोंतेदेराचा कारखाना तिच्याकडे आला आणि तिथे विमानांची इंजिने बनू लागली. १९३८ मध्ये रिनाल्दो वारला तेव्हा दोन मुलांनी कारभार वाटून घेतला. आर्मांदोकडे लिगुरियातले कारखाने गेले, एनरिकोकडे पोंतेदेरा.

दुसऱ्या महायुद्धात पियाजिओने पी. १०८ हे विमान बनवले. इटलीचे ते एकमेव चार इंजिनांचे जड बॉम्बफेकी विमान. मुसोलिनीचा मुलगा ब्रूनो याचा मृत्यू १९४१ मध्ये याच विमानाच्या अपघातात झाला. असली विमाने बनवणारा कारखाना शत्रूच्या नजरेतून कसा सुटणार? दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यांनी पोंतेदेराची धूळधाण केली. युद्ध संपले तेव्हा एनरिको पियाजिओकडे मोडलेल्या शेड होत्या, कामावर यायला तयार असलेले हजारो कारागीर होते आणि बनवायला काहीही नव्हते. हरलेल्या देशाकडून लढाऊ विमाने कोण घेणार?

एनरिकोने देशाकडे नीट पाहिले. रस्ते उखडलेले, पूल पडलेले, मोटार परवडणारी माणसे मूठभर. कामावर, बाजाराला, दवाखान्यात जायचे तर लोकांना स्वस्त आणि कमी पेट्रोल पिणारे काहीतरी हवे होते. युद्ध चालू असतानाच कंपनीच्या बिएल्ला गावातल्या तात्पुरत्या जागेत एक छोटी स्कूटर तयार झाली होती. कामगार तिला पापेरिनो म्हणत. डोनाल्ड डकचे इटालियन नाव ते. एनरिकोला ती आवडली नाही. तिच्या मध्यभागी पाय अडवणारा उंच भाग होता, त्यावरून टांग टाकावीच लागे. त्याने ते काम कोराद्दीनो दास्कानियो या अभियंत्याकडे सोपवले.

दास्कानियो हा या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा माणूस. जन्म १८९१ चा, इटलीच्या आब्रुत्सो भागातल्या पोपोली गावचा. त्याचे खरे प्रेम हेलिकॉप्टरवर. त्याच्या हेलिकॉप्टरने १९३० मध्ये रोमजवळच्या चाम्पिनो तळावर उड्डाणाचे विक्रम केले होते. पण ते विकत घेणारे कोणी भेटले नाही, त्याची स्वतःची कंपनी बुडाली आणि तो पियाजिओत विमानांचे पंखे तयार करण्याच्या कामाला लागला. मोटारसायकल या वाहनाचा त्याला मनापासून तिटकारा होता. साखळीच्या तेलाने कपडे खराब होतात, टांग टाकून बसावे लागते, चाक पंक्चर झाले की ते काढणे म्हणजे दिव्य. मोटारसायकलच्या कारखान्यात मुरलेला कोणी असता तर त्याने यातली एकेक अडचण थोडी थोडी कमी केली असती. दास्कानियोने मोटारसायकल बाजूलाच ठेवली आणि विमानाच्या अंगाने विचार केला.

साखळी नको, म्हणून त्याने इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडले. इंजिन, गिअर आणि चाक असा एकच गठ्ठा झाला. सांगाडा आणि त्यावर पत्रा अशी वेगळी बांधणी न करता वाकवलेल्या पोलादी पत्र्यालाच सांगाडा केले. विमानाचे अंग असेच ताण पेलते. पुढचे चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात न धरता एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले, विमानाच्या उतरायच्या चाकासारखे. त्यामुळे नट काढले की चाक बाजूला सरकवून हातात घेता येते. गिअर पायाकडून काढून डाव्या मुठीत आणला. पायापुढे सपाट फळी दिली आणि तिच्यासमोर चिखल, पाणी अडवणारे पत्र्याचे कवच.

२३ एप्रिल १९४६ रोजी फ्लोरेन्समध्ये या वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज झाला. ९८ सीसीचे दोन स्ट्रोकचे इंजिन, ताशी साधारण ६० किलोमीटरचा वेग. मागून फुगीर, कंबरेत बारीक असा तिचा आकार आणि इंजिनाची गुणगुण पाहून एनरिकोला गांधीलमाशी आठवली, असे सांगतात. इटालियनमध्ये गांधीलमाशीला व्हेस्पा म्हणतात. दहा वर्षांच्या आत, १९५६ पर्यंत, दहा लाख व्हेस्पा बनल्या होत्या.

नावारूपाला आलेल्या व्हेस्पाची पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती मी इथेच सोडतो. १९४८ मध्ये दास्कानियोने आणखी एक गाडी काढली. पुढचा अर्धा भाग व्हेस्पाचा, तेच हँडल, तीच बैठक, तेच चाक. मागे दोन चाके आणि त्यांवर माल ठेवायला हौदा. १२५ सीसीचे इंजिन, २०० किलो माल वाहायची ताकद. नाव ठेवले आपे, म्हणजे मधमाशी. आपल्याकडे तिचा उच्चार अ‍ॅपे असा रुळला. इटलीतल्या पाववाल्याला, भाजीवाल्याला, सुताराला मोटारट्रक परवडत नव्हता आणि हातगाडीने पोट भरत नव्हते. त्या दोन्हींच्या मधली जागा या गाडीने भरली. तिथल्या डोंगरी गावांच्या बोळांत ती सहज वळायची. व्हेस्पा लोकांना फिरवून आणत होती, अ‍ॅपे त्यांना रोजगार देत होती. हा फरक माझ्या लेखी फार मोठा आहे.

इथून गोष्ट वर्ध्याकडे वळते. हुडकेश्वरापासून वर्धा दीड-दोन तासांच्या वाटेवर. तिथल्या बच्छराज बजाज यांच्या पेढीत राजस्थानातल्या सीकर भागातून दत्तक नातू म्हणून आलेला मुलगा म्हणजे जमनालाल बजाज. गांधीजींना वर्ध्यात आणणारे, सेवाग्रामसाठी जागा देणारे. १९४२ मध्ये ते गेले, पण आजोबांचे नाव घराण्याने धंद्यात जपले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे नाव होते बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. जमनालालांचे थोरले पुत्र कमलनयन यांच्या काळात, १९४८ पासून, ही कंपनी परदेशातून दुचाकी-तीनचाकी आणून विकू लागली. तिचेच नाव पुढे बजाज ऑटो झाले.

या कामात अहमदनगरचे नवलमल फिरोदिया होते. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेल्या कुंदनमल फिरोदियांचे हे चिरंजीव, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग पाहिलेले. त्या काळी शहरांत माणूस माणसाला ओढून किंवा सायकल मारून नेत होता. आपल्या नागपुरात तर सायकलरिक्षा पुढे कित्येक दशके टिकली. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर असताना दोन सवाऱ्या घेऊन चढ चढणारे रिक्षावाले पाहिलेली पिढी अजून हयात आहे. हे थांबले पाहिजे असे वाटणारे पुष्कळ होते. पण रिक्षा बंद केली तर ती ओढणाऱ्याने खायचे काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. फिरोदियांना ते इटलीच्या मालवाहू गाडीत दिसले. त्यांनी अ‍ॅपे मागवली, हौदा काढून तिथे प्रवाशांची बैठक आणि वर छत बसवले आणि तेव्हाचे मुंबई राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे ही कल्पना मांडली. परवानगी मिळाली आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा धावू लागल्या.

पियाजिओने माल वाहायला केलेली गाडी माणसे वाहायला लावण्याचे हे काम एका भारतीयाने केले, एका सामाजिक प्रश्नाचे उत्तर म्हणून केले. ऑटोरिक्षाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट एखाद्या वाक्यात उरकली जाते याचे मला वाईट वाटते. पोटापुरते भांडवल जमवून, बिल्ला आणि परमिट काढून, कर्जाने घेतलेल्या गाडीवर घर चालवणारा माणूस ही आपल्या शहरांतली एक नवीच जात होती. त्याला कोणी मुकादम नव्हता, मालक नव्हता. हँडल हातात धरून तो आपला आपण कमवत होता.

१९५९ मध्ये बजाजला दुचाकी-तीनचाकी भारतातच बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. पुढच्या वर्षी कंपनी पब्लिक लिमिटेड झाली आणि पियाजिओशी तांत्रिक सहकार्य करून व्हेस्पा इथे बनू लागली. पुण्याजवळच्या आकुर्डीत कारखाना उभा राहिला. १९७० मध्ये बजाजची एक लाखावी गाडी बाहेर पडली. फिरोदिया तोपर्यंत वेगळे झाले होते. त्यांच्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी राहिली. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याची तीनचाकी बनवणारी. तिचेही नाव विदर्भातल्या खेड्याखेड्यात पोचले, पण ती कहाणी वेगळी. नवलमल यांचे बंधू हस्तीमल यांनी काढलेली लुना मात्र आपल्याच कथेतली, कारण ती पियाजिओच्या चाव मोपेडवर बेतलेली होती. १९७२ पासून ती शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाले यांच्या बुडाखाली आली.

पियाजिओने असे करार इतरत्रही केले होते. १९५० मध्ये जर्मनीत हॉफमान, १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलची डग्लस कंपनी, त्याच सुमारास फ्रान्समध्ये आक्मा. पंधरा वर्षांच्या आत या तिन्ही ठिकाणी व्हेस्पा बनणे थांबले. त्या देशांत लोकांच्या हाती पैसा आला तशी छोटी मोटार परवडू लागली आणि स्कूटर मागे पडली. सोव्हिएत रशियाने करार वगैरे न करताच व्हेस्पाची हुबेहूब नक्कल काढली. तीही फार पुढे गेली नाही. भारतात उलटे घडले. इथला मध्यमवर्गीय माणूस मोटारीपर्यंत पोचायला आणखी तीस-चाळीस वर्षे होती, आणि तोवर स्कूटर हेच त्याचे कुटुंबवाहन राहिले. दास्कानियोच्या त्या सपाट फळीवर इथे गॅसचे सिलिंडर उभे राहिले. हँडल धरून पोरगा उभा राहिला. मागे साडी नेसलेली आई एका बाजूला बसली, तिच्या मांडीवर धाकटी. डाव्या बाजूच्या डिक्कीत भाजीची पिशवी. इंजिन उजवीकडे असल्यामुळे ही गाडी त्या अंगाला किंचित ओढायची, आणि चालवणारा तेवढा तोल सवयीने सांभाळायचा. सकाळी चालू होईना तर तिला एका बाजूला कलती करून मग किक मारायची, हेही घरोघरी ठरलेले.

१९७१ मध्ये पियाजिओचा करार संपला. विदेशी सहकार्याच्या बाबतीत सरकारचे धोरण तेव्हा कडक होते; नूतनीकरण झाले नाही. आता व्हेस्पा हे नाव वापरता येणार नव्हते. बजाजने १९७२ मध्ये तीच गाडी आपल्या नावाने काढली आणि महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले, चेतक. दहा वर्षांत आकुर्डीच्या कामगारांनी पत्रा दाबण्यापासून गिअर कापण्यापर्यंत सगळे हातात आणले होते. म्हणून इटलीचा आधार सुटल्यावरही उत्पादन थांबले नाही, उलट वाढले. १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या महामंडळाबरोबर साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स सुरू झाली, तिथून प्रिया स्कूटर आली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना. तरी मागणी पुरी होईना. चेतकसाठी नंबर लावून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबत. लग्नात मुलाकडचे लोक चेतक मागून घेत. नंबर लागलेला माणूस ती वरच्या भावाने विकून टाकी. परवाना राज्यात ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा जास्त गाड्या बनवणे हासुद्धा गुन्हा होता, आणि लोकांना हव्या असलेल्या गाड्या बनवल्याबद्दल तुरुंगात जायची आपली तयारी आहे, असे कंपनीचे प्रमुख, कमलनयन यांचे पुत्र राहुल बजाज जाहीरपणे म्हणत. कमी बनवण्याची सक्ती करून या देशाने स्वतःचे किती नुकसान करून घेतले, हे त्या प्रतीक्षायाद्यांवरून कळते.

बजाज आपल्या गाड्या परदेशात विकू लागली तेव्हा पियाजिओ खवळली. तिच्या मते आकार, बांधणी सगळे आपलेच होते. अमेरिकेत आणि युरोपात दावे झाले. कागदोपत्री पियाजिओचा राग समजण्यासारखा होता. पण शिकवणाऱ्याने दहा वर्षे मोबदला घेऊन शिकवले आणि शिकणाऱ्याने चांगले आत्मसात केले, यात शिकणाऱ्याचा काय दोष?

तीनचाकीत तर शिष्याने भर घातली. सुरुवातीच्या बजाज ऑटोचे इंजिन पुढे, चालकाच्या बैठकीखाली असे. उन्हाळ्यात त्यावर बसणे म्हणजे तव्यावर बसणे. १९७७ मध्ये कंपनीने मागे इंजिन असलेला ऑटो काढला. सवारीच्या बैठकीमागे इंजिन, तिथूनच मागच्या दोन चाकांना ताकद. चालकाच्या पायाशी एक लांब लोखंडी दांडा. तो झटक्यात वर ओढला की इंजिन सुरू. त्या ओढण्याचा खट्ट आवाज आणि मागोमाग निळसर धूर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, हलणारे भाग थोडे, तेल पेट्रोलमध्येच मिसळून टाकायचे. म्हणूनच कुठल्याही चौकातला मेकॅनिक ते उघडू शकत होता. प्लगवर कार्बन चढला तर चालक स्वतःच काढून पॉलिश कागदाने घासायचा, हवेत झटकायचा आणि पुन्हा बसवायचा. तोटाही याच साधेपणात होता: काही पेट्रोल न जळताच तेलासकट बाहेर पडे आणि शहराची हवा नासे. पुढे चार स्ट्रोकची इंजिने आली ती यामुळेच.

गिअरच्या ऑटोत कधी पुढे चालकाशेजारी बसलात तर त्याचा डावा हात पाहा. क्लच दाबून तो सगळी मूठच वर किंवा खाली पिळतो आणि गिअर पडतो. जगातल्या बहुतेक वाहनांत गिअरचा दांडा असतो, नाही तर पायाखालचा लिव्हर. मुठीत गिअर ठेवायचा विचार दास्कानियोचा, चालवणे सोपे व्हावे म्हणून केलेला. तीच मूठ, तेच पिळणे आपल्या चालकाच्या हातात उतरले आहे. पुढचे चाकही तसेच, एकाच बाजूने धरलेले. उमरेड रोडवर भर दुपारी पंक्चर झाले तर स्टेपनी काढायची, नट फिरवायचे, चाक बाजूने ओढून बदलायचे. सवाऱ्या खाली उतरून झाडाच्या सावलीपर्यंत जातात तोवर काम झालेले असते.

इकडे पियाजिओची स्वतःची घडी विस्कटत गेली. एनरिको १९६५ मध्ये वारला. कंपनी फियाटवाल्या आन्येल्ली घराण्याकडे गेली. कर्ज वाढले. नंतर सूत्रे हाती घेतलेला तरुण जोव्हान्नी अल्बेर्तो आन्येल्ली १९९७ मध्ये अवघ्या ३३ व्या वर्षी कर्करोगाने गेला. पुढे मालकी गुंतवणूक संस्थांच्या हातात फिरली आणि २००३ मध्ये रोबेर्तो कोलानिन्नो यांनी ती विकत घेऊन कंपनी पुन्हा उभी केली. या पडत्या काळात पियाजिओने घेतलेला एक निर्णय तिच्या फार कामी आला: ती भारतात परत आली. कानपूरच्या एलएमएलबरोबर १९८० च्या दशकात तिने व्हेस्पा बनवली होती, पण ते बिनसले. १९९८ मध्ये ग्रीव्हज कंपनीबरोबर भागीदारी झाली आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅपे बनू लागली. पुढे पियाजिओने भागीदाराचा हिस्सा घेतला आणि बारामतीची पूर्ण मालकी तिच्याकडे आली.

म्हणजे ज्या राज्यात बजाजने पियाजिओकडून शिकून तीनचाकीचा बाजार जवळपास एकहाती व्यापला होता, त्याच राज्यात, आकुर्डीपासून शंभरेक किलोमीटरवर, मूळ कंपनी त्याच बाजारात उतरली. तिने बजाजच्या पेट्रोल ऑटोशी थेट टक्कर न घेता वेगळा रस्ता धरला. ग्रीव्हजचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन, मोठे अंग, मजबूत मागचा आस. मीटरवर शहरात फिरणाऱ्या गाडीपेक्षा ही वेगळी होती. तालुक्याहून खेड्यात, आठवडी बाजाराहून वस्तीवर, पोती आणि माणसे एकत्र लादून जाणारी. डिझेल स्वस्त होते, इंजिन दणकट होते, वजन ओढत होते. फट्‌फट् आवाज करत ती विदर्भ-मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर शिरली, जिथे एसटी दिवसातून दोनदा येत होती. भाजीवाला सकाळी तीच गाडी घेऊन मार्केटला जातो, दुपारी एखाद्याचे घरसामान हलवतो, संध्याकाळी पाण्याच्या कॅन पोचवतो. इटलीच्या पाववाल्यासाठी जे योजले होते ते इथे शेतकऱ्याच्या पोराच्या कामी आले. आज पियाजिओच्या व्यापारी वाहनांचा गाडा मुख्यतः बारामतीवर चालतो. तिथून आफ्रिकेतही गाड्या जातात.

२०१२ मध्ये बारामतीतूनच व्हेस्पा पुन्हा भारतात आली, पण ती महागडी, हौशी माणसाची स्कूटर म्हणून. बजाजने चेतक त्याआधीच थांबवली होती. २०२० मध्ये ती विजेवर परत आली. या दोन्ही स्कूटर देखण्या आहेत, पण पोट भरण्याच्या कामाशी त्यांचा फारसा संबंध उरलेला नाही. तीनचाकीचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये पियाजिओने विजेवरची अ‍ॅपे बाजारात आणली, बजाजचेही विजेचे ऑटो आले. त्यांना गिअर नाही, प्लग नाही, तेल नाही. चौकातल्या मेकॅनिकचे काम त्यामुळे कमी होणार आणि बॅटरीचे हप्ते चालकाच्या हिशेबात येणार. परमिटचे नियम, चार्जिंगच्या जागा, कर्जाचा व्याजदर यांवर आता ऑटोवाल्याचे उत्पन्न ठरेल, आणि या गोष्टी शहरांनी फार लवकर नीट लावायला हव्यात. हुडकेश्वरसारख्या कडेच्या वस्त्यांत तर आधी.

पोंतेदेरात अ‍ॅपे ५० हे छोटे मॉडेल २०२४ च्या अखेरपर्यंत बनत राहिले. युरोपच्या धूर आणि सुरक्षेच्या नव्या नियमांत ती जुनी गाडी बसेना आणि ७६ वर्षांनी तिथले अ‍ॅपेचे उत्पादन थांबले. इटलीच्या वर्तमानपत्रांत त्यावर हळहळ व्यक्त झाली. डोंगरातल्या द्राक्षबागांतल्या म्हाताऱ्यांचे आणि त्यांच्या अ‍ॅपेचे फोटो छापून आले. बारामतीचा कारखाना मात्र चालूच आहे.